गेंड्यांचे कैवारी सर पीटर स्कॉट

मनुष्य मरतेसमयी आपल्या मुलास काय ठेवून जातो, यावरून पुष्कळदा त्या मुलाच्या पुढील आयुष्याची दिशा ठरते. कोणी घरदार ठेवितो, कोणी शेतीवाडी ठेवितो, कोणी कर्जही ठेवितो. ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी एक इच्छा तेवढी मागे ठेविली होती. आणि तीही पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडील बर्फाच्या वादळात, एका लहानशा तंबूत, मृत्यूची वाट पाहत असता पत्नीस लिहिलेल्या पत्रात. मुलाचे मन जमल्यास पशुपक्ष्यांच्या व सृष्टीच्या अभ्यासाकडे वळवावे, मैदानी खेळांपेक्षा ते अधिक चांगले, अशी ती इच्छा होती. मुलगा त्या वेळी अवघा अडीच वर्षांचा होता. त्याच मुलाने पुढे साऱ्या जगास गेंड्याची दया करावयास शिकविले.

हे चरित्र निवडण्यास एक लहानसे निमित्त घडले. आमच्या वर्गात एके दिवशी गेंड्याविषयी बोलणे चालले असता एका विद्यार्थ्याने मोठ्या प्रामाणिकपणे विचारले की, गेंडा राहिला काय आणि नाहीसा झाला काय, त्यात आपले काय अडले? वर्गात हशा पिकला. आम्ही तेव्हा जे उत्तर दिले, ते त्यास पटले किंवा नाही हे देव जाणे. आम्हांस स्वतःस मात्र ते अपुरे वाटले. त्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या वाक्यात देण्यापेक्षा एका मनुष्याच्या आयुष्यातून द्यावे, हे बरे असे वाटून हा लेख लिहीत आहोत.

पीटर मार्कम स्कॉट यांचा जन्म 14 सप्टेंबर 1909 रोजी लंडन शहरी झाला. वडील कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट हे ब्रिटिश आरमारातील अधिकारी असून दक्षिण ध्रुवाच्या शोधाने त्यांना वेड लाविले होते. आई कॅथलीन ही नावाजलेली मूर्तिकार होती. मुलांचे आवडते लेखक जेम्स बॅरी हे या कुटुंबाचे स्नेही होते. त्यांच्या पीटर पॅन या मानसपुत्रावरून बाळाचे नाव पीटर ठेवण्यात आले आणि बॅरी हेच त्याचे धर्मपिता झाले. बाळ वर्षाचे होण्यापूर्वीच, 1910 साली, कॅप्टन स्कॉट यांनी घरच्यांचा निरोप घेतला. बापलेकांची भेट पुन्हा झाली नाही.

त्या मोहिमेतील एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सरकारने मदत केली खरी, परंतु ती पुरेशी नव्हती. म्हणून कॅप्टन स्कॉट यांस गावोगाव हिंडून, व्याख्याने देऊन, लोकांपुढे झोळी पसरावी लागली. त्या झोळीत इंग्लंडातील शाळांनीही आपापली भर घातली. कोठल्या शाळेने एका कुत्र्याचा खर्च उचलला, कोणी एका तट्टाचा, कोणी तंबूचा, तर कोणी बर्फावरून ओढावयाच्या स्लेजचा. त्या त्या वस्तूस त्या त्या शाळेचे नाव देण्यात आले. ज्या मुलांनी आपल्या खाऊचे पैसे दिले, ती ध्रुवावर जाणार नव्हती. त्यांचे नाव मात्र गेले. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पीटर स्कॉट यांनी जी झोळी जगापुढे पसरली, तिचे मूळ त्यांच्या घरातच होते, असे आम्हांस वाटते.

कॅप्टन स्कॉट 17 जानेवारी 1912 रोजी ध्रुवावर पोहोचले. परंतु नॉर्वेचे आमुंडसेन महिनाभर आधीच तेथे जाऊन आले होते. परतीच्या वाटेवर थंडी, उपासमार व वादळ यांनी त्या पाच जणांस गाठले, आणि मार्चअखेर कॅप्टन स्कॉट यांची प्राणज्योत मालवली. त्यांचा तंबू आठ महिन्यांनी सापडला. त्यात वह्या होत्या, दगडांचे नमुने होते, आणि पत्रे होती. कॅथलीनबाई पतीस भेटण्यासाठी न्यूझीलंडकडे निघाल्या असता 1913 च्या फेब्रुवारीत भर समुद्रात त्यांना ही वार्ता समजली.

या मातेने पतीची शेवटची इच्छा शिरसावंद्य मानली. मुलास तिने कोंडून ठेवले नाही. बेडूक, सुरवंट, पाखरे यांच्या संगतीत त्यास मनसोक्त वाढू दिले, आणि हातात रंगपेटीही दिली. आउंडल येथील शाळेत व नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पीटरचे शिक्षण झाले. प्रथम त्याने सृष्टिशास्त्रे घेतली. पुढे मन चित्रकलेकडे ओढले, म्हणून म्युनिक व लंडन येथील कलाशाळांत त्याने अभ्यास केला. रानहंस व रानबदके हा त्याच्या चित्रांचा आवडता विषय. पहाटेच्या धूसर उजेडात खाजणावरून उडत येणाऱ्या हंसांच्या माळा त्याने अशा काही रंगविल्या की, विशीतच चित्रकार म्हणून त्याचे नाव झाले आणि चित्रे विकून स्वतःचा चरितार्थ चालविण्याइतका पैसा मिळू लागला.

आता आम्हांस एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी पुष्कळ चरित्रकार हलक्या हाताने पुढे ढकलतात. हा पक्ष्यांचा प्रेमी त्या काळी पक्ष्यांचा मोठा शिकारीही होता. केंब्रिजच्या दिवसांत अभ्यास सोडून तो रात्ररात्र चिखलात बंदूक घेऊन दबा धरून बसे. हंसांची त्यास जी बारीक ओळख झाली, त्यांची उड्डाणे, त्यांचे आवाज, त्यांच्या वाटा, ती प्रथम बंदुकीच्या नळीवरून झाली. 1933 पासून समुद्रकाठच्या एका ओसाड दीपगृहात तो राहू लागला. तेथे त्याने जिवंत हंस पाळले, आणि तेथूनच तो शिकारीसही जात असे. एकाच मनात प्रेम व हिंसा शेजारी शेजारी नांदत होती.

या मनास पालटण्यास ज्या गोष्टी कारण झाल्या, त्यांतील एक स्कॉट यांनी पुढे स्वतःच नमूद करून ठेविली आहे. गोळीने पाय मोडलेला एक हंस दूर दलदलीत पडला. चिखल असा की, त्यातून कोणासही त्याच्यापर्यंत जाता येईना. त्यास वाचविणे अशक्य, आणि त्याच्या यातना संपविणेही अशक्य. दुसऱ्या दिवशी पाहिले, तो हंस तेथेच होता, जिवंत होता आणि मान वर करून होता. या मुक्या पक्ष्याने आपले असे काय केले होते की त्यास ही शिक्षा मिळावी, हा प्रश्न स्कॉट यांच्या मनात रुतून बसला. बंदूक लगेच सुटली असे नाही, सवयी अशा एका दिवसात सुटत नसतात. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी शिकार कायमची सोडली. ज्या मनुष्याने स्वतः मारले आहे आणि मारण्याचा आनंद भोगला आहे, त्याने जेव्हा मारू नका म्हणून विनविले, तेव्हा त्याच्या बोलण्यास निराळेच वजन आले.

अंगी गुण किती असावेत याची या पुरुषाने जणू परिसीमा केली होती. 1936 च्या ऑलिंपिक सामन्यांत एकट्याने नाव हाकारण्याच्या शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. दुसऱ्या महायुद्धात आरमारात राहून लहान जलद गनबोटींच्या तुकडीचे नेतृत्व केले आणि शौर्याची पदके मिळविली. पुढे 1963 साली इंजिनाविना वाऱ्यावर तरंगणाऱ्या विमानांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते पहिले आले. एवढ्या यशाने एखादा मनुष्य आपल्याच कौतुकात बुडून गेला असता. स्कॉटसाहेबांनी ही सारी कीर्ती पुढे मुक्या प्राण्यांच्या कामी खर्चिली. ज्यांचे नाव लोकांस ठाऊक असते, त्यांच्या शब्दावर लोक पैसे देतात, हे त्यांनी पक्के ओळखले होते.

युद्ध संपताच, 1946 च्या नोव्हेंबरात, सेव्हर्न नदीच्या काठी स्लिमब्रिज या खेड्याजवळ त्यांनी पाणपक्ष्यांसाठी एक संस्था स्थापन केली. तेथील कुरणांत हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो हंस उतरतात. जगातील नानाविध हंस व बदके तेथे एकत्र ठेवून त्यांचा अभ्यास करावा, नष्ट होऊ लागलेल्या जातींची पैदास करावी, आणि लोकांस हे पक्षी जवळून पाहू द्यावेत, असा हेतू होता. या शेवटच्या हेतूकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या काळचे पुष्कळ पंडित लोकांस दूर ठेवण्यातच पक्ष्यांचे हित मानीत. स्कॉटसाहेबांचे मत उलट होते. जे पाहिले नाही त्याविषयी प्रेम वाटत नाही, आणि ज्याविषयी प्रेम नाही त्यासाठी कोणी खिशात हात घालीत नाही, हे त्यांच्या साऱ्या उद्योगाचे सूत्र होते. 1955 पासून दूरचित्रवाणीवर त्यांनी वन्य प्राण्यांविषयी जे कार्यक्रम चालविले, त्यांनी इंग्लंडातील घराघरांत रानाची वाट नेऊन पोहोचविली.

स्लिमब्रिज येथील एक कथा गोड आहे. हवाई बेटांवर हंसाची एक जात आहे. तिचे नाव नेने. (आमच्या वाचकांत या आडनावाची मंडळी असतील, त्यांनी रागावू नये!) 1950 च्या सुमारास हे पक्षी रानात सुमारे तीसच उरले होते. हवाईतून एक जोडी स्लिमब्रिजला आणविली. मंडळी मोठ्या आशेने पिलांची वाट पाहू लागली; तो काय, दोघांनीही अंडी घातली! नर म्हणून पाठविलेला पक्षीही मादीच निघाला. तेव्हा तार करून एक नर विमानाने मागविला. पुढील वर्षी पिले झाली आणि वंश वाढू लागला. 1962 साली स्लिमब्रिजला वाढलेले सुमारे तीस पक्षी हवाईतील माउई बेटावर परत पाठविण्यात आले, आणि त्या पक्ष्यांना पाठीवरच्या पिशव्यांतून डोंगरावरील ज्वालामुखीच्या जुन्या विवरात नेऊन सोडण्याचे काम तेथील बालवीरांनी केले. आज नेने तीन हजारांहून अधिक आहेत.

हंसाचे काम असे साधले. परंतु हंस पिंजऱ्यात मावतो. गेंडा मावत नाही. हंसासाठी एक कुरण, काही कुशल माणसे आणि एका मनुष्याची जिद्द पुरेशी झाली. गेंड्याचे राज्य आफ्रिकेच्या माळांवर, आसामच्या गवताळ रानांत, नेपाळच्या तराईत आणि जावा-सुमात्रा बेटांच्या जंगलांत पसरलेले. त्याच्यासाठी साऱ्या जगालाच जागे करावयास हवे होते. ती वेळ 1960 साली आली.

त्या वर्षी सुप्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ सर ज्युलियन हक्सले यांनी पूर्व आफ्रिकेचा प्रवास केला, आणि परत येऊन लंडनच्या एका साप्ताहिकात लेखमाला लिहिली. शिकार व रानांची तोड अशीच चालली, तर तेथील वन्य पशू वीस वर्षांत नाहीसे होतील, असा इशारा त्यांनी दिला. ते वाचून लंडनच्या एका व्यापाऱ्याने त्यांस पत्र लिहिले की, नुसत्या हळहळीने काही होणार नाही. पैसा उभारला पाहिजे, आणि तोही पद्धतशीरपणे. या पत्रातून चर्चा सुरू झाली. मॅक्स निकल्सन, गाय माउंटफर्ट, पीटर स्कॉट इत्यादी मंडळी एकत्र जमली, आणि 1961 साली स्वित्झर्लंडात जागतिक वन्यजीव निधी ही संस्था स्थापन झाली. तिच्या कारभाराची प्रमुख जबाबदारी स्कॉटसाहेबांनी पुढे अनेक वर्षे वाहिली.

संस्थेस एक चिन्ह हवे होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्या वेळी चीनमधील पांडा जातीची चीची नावाची एक मादी होती, आणि लोकांना तिचे भारी वेड होते. स्कॉटसाहेबांनी पांड्याचे चित्र काढून दिले. पांडा गोंडस, भाषा न जाणणाऱ्यासही ओळखू येणारा, आणि शिवाय काळा-पांढरा. त्यामुळे छपाईस रंगांचा खर्च नाही! लोकांच्या वर्गणीतील एक पेनीही वाया जाऊ नये, अशी काळजी ज्या संस्थेच्या चिन्हापासूनच घेतली गेली, तिच्यावर लोकांचा विश्वास का बसला हे सांगावयास नको.

परंतु निधीचा पहिला मोठा ओघ आणला तो पांड्याने नव्हे, गेंड्याने. 9 ऑक्टोबर 1961 रोजी लंडनच्या डेली मिरर या दैनिकाने आपल्या पहिल्या पानावर काळ्या गेंड्याच्या मादीचे व तिच्या पिलाचे मोठे छायाचित्र छापले, आणि मनुष्याच्या मूर्खपणामुळे, लोभामुळे व हयगयीमुळे हा प्राणी पृथ्वीवरून जाणार, असे ठळक अक्षरांत बजाविले. आत आणखी पाने या एकाच विषयाने भरली होती, आणि मदतीची मागणी होती. ते पत्र श्रीमंतांचे वा पंडितांचे नव्हते. गिरण्यांत, गोद्यांत व दुकानांत राबणारे लोक ते वाचीत. त्यांतील बहुतेकांनी आफ्रिका पाहिली नव्हती आणि पुढेही पाहणार नव्हते. तरी पाकिटांमागून पाकिटे येऊ लागली, आणि थोड्याच दिवसांत हजारो पौंड जमले. अर्धशतकापूर्वी शाळकरी मुलांच्या पैशांतून ध्रुवावर स्लेज गेली होती. आता तशाच लहान लहान रकमांतून गेंड्यासाठी पहारेकरी उभे राहणार होते.

गेंड्यावर हे संकट का आले, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. गेंड्याचे शिंग हाडाचे नसते. आपली नखे व केस ज्या द्रव्याचे बनतात, त्याच द्रव्याचे ते असते. तरी पूर्वेकडील देशांत त्याची पूड ताप व इतर विकारांवर औषध म्हणून शेकडो वर्षे विकली गेली; आणि येमेन देशात श्रीमंत लोक आपल्या खंजिराची मूठ गेंड्याच्या शिंगाची असावी, यात प्रतिष्ठा मानीत. शिंग घेणारा मनुष्य गेंड्यापासून हजारो कोस दूर असतो. त्याने गेंडा पाहिलेला नसतो, त्याचे रक्त पाहिलेले नसते. तो फक्त पैसे मोजतो. विचार केला म्हणजे ध्यानात येते की, वर्गणी देणारा मनुष्यही तसाच दूर बसलेला असतो, आणि तोही फक्त पैसे मोजतो. गेंड्याचे मरण आणि गेंड्याचे जीवन ही दोन्ही अशी दूरच्या, अनोळखी माणसांच्या मुठीत आहेत. स्कॉटसाहेबांचा सारा प्रयत्न एवढाच होता की, पहिल्या मनुष्यापेक्षा दुसऱ्याची संख्या वाढावी.

पैशाने काय होते, याचे एक उदाहरण देतो. जावा बेटाच्या पश्चिम टोकास उजुंग कुलोन नावाचे अरण्य आहे. जावाच्या एकशिंगी गेंड्याचे ते मुख्य आश्रयस्थान. 1967 साली तेथे सुमारे पंचवीस गेंडे उरले होते. निधीने रुडोल्फ शेंकेल या स्विस प्राणिशास्त्रज्ञास तेथे पाठविण्यास साहाय्य केले, आणि पहारा नीट लावण्यास मदत केली. दहा-पंधरा वर्षांत गेंड्यांची संख्या सुमारे दुप्पट झाली. पहारेकऱ्याचा पगार, त्याची होडी, त्याचे बूट, पावसात राहण्यासाठी एक चौकी, अशा साध्यासुध्या गोष्टींनी हे घडले.

नुसत्या वर्गणीवर स्कॉटसाहेब विसंबून राहिले नाहीत. 1963 ते 1980 या काळात आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या, नाहीशा होऊ लागलेल्या जातींचा विचार करणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. कोणता प्राणी किती उरला आहे, कोठे आहे, त्यास भय कशाचे आहे, याची लाल पुस्तके त्यांच्या प्रेरणेने निघाली. 1966 पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. लाल रंग धोक्याचा. मोजल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्याशिवाय कळवळा येत नाही. 1973 साली वॉशिंग्टन येथे दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यामागेही या मंडळींची खटपट होती. 1977 साली गेंड्यांच्या सर्व जाती त्या कराराच्या अत्यंत कडक यादीत आल्या. त्याच 1973 साली इंग्लंडच्या राणीने त्यांना सर हा किताब दिला. वन्य जीवांच्या रक्षणाच्या कामाबद्दल हा मान मिळणारे ते पहिलेच गृहस्थ होत.

आपल्या देशाशीही या कार्याचा धागा जुळला. या निधीची भारतीय शाखा 1969 साली मुंबई येथे निघाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळे पशुपक्ष्यांच्या अभ्यासाचे वळण त्या शहरास आधीपासूनच होते, आणि डॉ. सालिम अली यांच्यासारखे तपस्वी तेथे होते. वाघ वाचविण्यासाठी आपल्या सरकारने 1973 साली जी योजना हाती घेतली, तिच्यासाठी या निधीने परदेशांत दहा लाख डॉलर जमविण्याचा विडा उचलला होता.

येथपर्यंतची हकीकत ऐकून वाचकांस वाटेल की, गेंडा वाचला आणि चरित्राचा शेवट गोड झाला. खऱ्या चरित्राचा शेवट आमच्या सोयीने होत नसतो. 1970 च्या सुमारास आफ्रिकेत काळे गेंडे सुमारे 65,000 होते. त्यानंतर तेलाच्या पैशाने येमेनमधील खंजिरांची मागणी वाढली, काही देशांत यादवी माजली, बंदुका स्वस्त झाल्या, आणि चोरट्या शिकाऱ्यांनी अक्षरशः कत्तल मांडली. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते 2,500 हूनही कमी उरले. ज्या गेंड्याच्या चित्रावर निधीचा पाया घातला, त्याच्या शंभरांतील सुमारे शहाण्णव नाहीसे झाले. आणि या कत्तलीचा बराच मोठा भाग स्कॉटसाहेबांनी म्हातारपणी आपल्या डोळ्यांनी पाहिला. वर्गण्या जमत होत्या, कायदे होत होते, आणि गेंडे मरत होते. 29 ऑगस्ट 1989 रोजी, वयाची ऐंशी वर्षे पुरी होण्यास अवघे पंधरवड्याचे अंतर असता, त्यांचा अंत झाला. गेंड्याच्या बाबतीत ते विजय पाहून गेले नाहीत.

तर मग त्यांचे कार्य फसले काय? हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. एवढे खरे की, पैसा आणि जागृती यांनी जे होईल असे 1961 साली वाटले होते, तेवढे झाले नाही. शिंग विकत घेणाऱ्याच्या मनापर्यंत ते शब्द वेळेवर पोहोचले नाहीत. परंतु दुसरी बाजूही खरी आहे. मोजण्याची पद्धत, पहाऱ्याची घडी, व्यापाराची बंदी, आणि दूरच्या प्राण्यासाठी साध्या माणसांनी पैसे देण्याची सवय, ही सारी त्यांच्या पिढीने लावून दिली नसती, तर कत्तलीनंतर जे थोडे उरले ते कोणाच्या आधाराने उभे राहिले असते? आज काळे गेंडे पुन्हा 6,000 च्या वर गेले आहेत. आसामातील काझीरंगा, जेथे विसाव्या शतकाच्या आरंभी गेंडे अगदी मोजके उरले होते, तेथे 2022 च्या मोजणीत 2,613 भरले. नेपाळात 2021 साली 752 मोजले गेले. 22 सप्टेंबर 2021 रोजी आसाम सरकारने आपल्या कोठारांतील जवळजवळ अडीच हजार शिंगे जाहीरपणे जाळून टाकली. या शिंगांस औषध म्हणून काही मोल नाही, हे जगास डोळ्यांनी दिसावे, असा त्यामागील हेतू होता. लोकांना दाखवून शिकविण्याची ही रीत स्कॉटसाहेबांस नक्कीच आवडली असती.

मात्र हे काम एकदा करून संपत नाही. व्हिएतनाममधील जावा जातीचा शेवटचा गेंडा 2010 साली मेला. उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्यांतील शेवटचा नर 19 मार्च 2018 रोजी केनियात मरण पावला. मागे दोन माद्या उरल्या. आणि ज्या उजुंग कुलोनच्या पहाऱ्याचे आम्ही वर कौतुक केले, तेथेही चोरट्यांनी थोड्या वर्षांत सव्वीस गेंडे मारल्याचे 2024 साली पकडलेल्या लोकांच्या कबुलीतून उघड झाले. पहारा एक रात्र झोपला की पन्नास वर्षांची मिळकत जाते.

आता आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. गेंडा नाहीसा झाला तर आपले काय अडले? बाळा, शिंग विकत घेणारा मनुष्यही नेमके हेच विचारतो. त्याचेही काही अडत नाही, आणि म्हणूनच तो विकत घेतो. तरुण पीटर बंदूक घेऊन खाजणात बसे, तेव्हा त्याचेही काही अडत नव्हते. दलदलीत मान वर करून बसलेल्या त्या हंसाकडे पाहिल्यावर मात्र त्याचे अडले. आपले काय अडते हे आपल्या गरजेवर ठरत नाही. आपण कोणाकडे पाहावयास तयार आहो, यावर ते ठरते. नाहीशी झालेली जात कितीही वर्गणी जमविली तरी परत विकत मिळत नाही. म्हणून ज्यांच्या हाती फार काही नाही त्यांनीही आपापल्या परीने एक दोरा धरावयाचा असतो. एखाद्या शाळेने एका कुत्र्याचा खर्च उचलावा, कोणा गिरणीकामगाराने पाकिटात एक नाणे घालावे, कोण्या बालवीराने पाठीवर एक हंस घेऊन डोंगर चढावा.

कॅप्टन स्कॉट यांची इच्छा अशी सफळ झाली. मुलास सृष्टीची गोडी लागली, आणि त्याने ती जगास लाविली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्यास जरी हा लेख वाचून गेंड्याविषयी हसू येण्याऐवजी चिंता वाटू लागली, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.